कोळशाचा धनी आणि गोल्फचे कार्ड

‘कोळसा उगाळावा तितका काळा’ ही म्हण आमच्या आईच्या तोंडी नेहमी असे. चाळीतल्या स्वयंपाकघरात शेगडी पेटवायची आणि पोते किती दिवस पुरले ते वहीत मांडून ठेवायचे, एवढाच आमचा कोळशाशी संबंध! कॉलेजातला एखादा खेळाडू याच कोळशावर कोट्यधीश होईल, असे तेव्हा कुणी सांगते तर मी हसलो असतो. पण जिम जस्टिस या अमेरिकन गृहस्थांची हकीकत वाचली आणि हसू बाजूलाच राहिले.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया या डोंगराळ राज्यात १९५१ साली त्यांचा जन्म झाला. डोंगरांच्या पोटात कोळसाच कोळसा. जस्टिस यांची उंची सहा फूट सात इंच! असा माणूस बास्केटबॉल खेळणार, असे कुणालाही वाटेल. पण मार्शल विद्यापीठात हे होते गोल्फ संघाचे कप्तान. बास्केटबॉलची हौस त्यांनी पुढे गावच्या शाळेतील मुलींच्या संघाला शिकवून भागवली, गव्हर्नर झाल्यावरसुद्धा!

वडिलांनी १९७१ मध्ये ब्लूस्टोन ही कोळसा कंपनी काढली होती. १९९३ मध्ये वडील गेले आणि सारा कारभार मुलाकडे आला. हा कोळसा शेगडीतला नव्हे बरे का! त्याचा कोक करून पोलादाच्या भट्टीत घालतात. पोलादाला मागणी आली की त्याचा भाव चढतो, मंदी आली की कोसळतो.

२००९ मध्ये जस्टिस यांनी खाणी मेचेल या रशियन कंपनीला विकल्या. रोख आणि समभाग मिळून किंमत आली सुमारे ५६ कोटी ८० लाख डॉलर. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील पुरानंतर या कोळशाचा भाव टनाला ३३० डॉलरवर गेला. २०१५ मध्ये तो शंभराच्याही खाली होता. त्याच वर्षी जस्टिस यांनी आपल्याच खाणी परत घेतल्या. रोख मोजले अवघे ५० लाख डॉलर, वर टनामागे थोडी रॉयल्टी! आपल्याकडचा मुरलेला व्यापारीही तोंडात बोट घालील.

पुढे २०१७ मध्ये ते राज्याचे गव्हर्नर झाले आणि २०२५ मध्ये सिनेटर.

पण वाचकहो, हिशेब इथे संपत नाही. खाणीतील सुरक्षेचे नियम मोडल्याबद्दल जस्टिस कुटुंबाच्या कंपन्यांवर सरकारने खटला भरला. दोन हजारांहून अधिक नोंदी होत्या. २०२० मध्ये दंड आणि व्याज मिळून ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम भरण्याचे या कंपन्यांनी कबूल केले. खाणी सोडवून घ्यायला जेवढे रोख लागले, जवळजवळ तेवढेच! आणि या नियमांमागे असतो, दिवा लावून अंधारात उतरणाऱ्या कुणाच्या तरी मुलाचा जीव.

गोल्फच्या मैदानात प्रत्येकाच्या मागे पंच फिरत नाही. झुडपात हुकलेला फटकासुद्धा आपणच मोजायचा आणि कार्डावर सही करायची. कॉलेजात शिकलेला हा नियम आयुष्यभर पाळणे किती अवघड!

आता आमच्या घरात शेगडी नाही, आईही नाही. दिवाळीच्या साफसफाईत तिची ती वही सापडली. एका पानावर लिहिले होते, ‘पोते चार दिवस आधी संपले. चूक माझीच.’

मी ती वही पुसून पुन्हा कपाटात ठेवली.