पंख्यापुढे बसलेला शिपाई

दोस्तांनो, घरातल्या टेबलफॅनला जाळी कशासाठी असते? चुकून बोट आत जाऊ नये म्हणून. आता अशी कल्पना करा, की तो पंखा तुमच्याहून उंच आहे, मिनिटाला हजाराहून जास्त फेरे मारतोय आणि तुम्ही त्याच्याकडे पाठ करून बसला आहात. मध्ये फक्त एक जाळी! शिवाय तुम्ही जमिनीवर नाही, आकाशात आहात. बसाल का हो?

पहिल्या महायुद्धात असे बसणारे शिपाई होते. त्यांच्या विमानाचं नाव होतं ‘स्पॅड ए-२’. वर-खाली दुहेरी पंख असलेलं, दोघांना बसायची सोय असलेलं हे फ्रेंच लढाऊ विमान.

ही अजब कल्पना सुचली तरी का? तेव्हाच्या वैमानिकांपुढे मोठं कोडं होतं. प्रोपेलर पुढे असलेली विमानं वेगवान असत. पण समोर मशीनगन चालवावी, तर गोळ्या आपल्याच प्रोपेलरच्या पात्यांवर बसणार! प्रोपेलर मागे लावला, की समोरचा मार्ग मोकळा होई. पण विमानाचा वेग कमी पडे. वेगही हवा आणि नेमही हवा. मग करायचं काय?

लुई बेशरो नावाच्या हुशार फ्रेंच अभियंत्याने यावर तोड काढली. हा काही ऐरागैरा माणूस नव्हे. त्याने आखलेल्या विमानाने १९१३ साली शर्यतीत ताशी २०० किलोमीटरचा वेग गाठला होता. त्याने ठरवलं, प्रोपेलर जागच्या जागी राहू दे, गोळीबार करणाऱ्यालाच त्याच्या पुढे बसवू! लाकडी खोक्यासारखी एक बैठक त्याने प्रोपेलरपुढे जोडली. खालून तिला चाकांच्या सांगाड्याचा आधार दिला आणि पाठीमागे तारेची जाळी लावली. मे १९१५ मध्ये या विमानाचा पहिला नमुना आकाशात झेपावला.

पुढच्या शिपायाला समोरचं सगळं आभाळ मोकळं मिळालं खरं. पण बाकीचं काय? वैमानिक प्रोपेलर आणि इंजिन यांच्या मागे, शिपाई पुढे. मध्ये एवढी घरघर, की एकमेकांशी बोलायची सोय नाही. पुढच्या खोक्यामुळे इंजिनाला थंड करणारी हवाही अडे. सर्वांत वाईट म्हणजे, उतरताना विमान नाकावर आपटलं, तर खोक्यातला शिपाई चिरडला जाई. चूक कोणाचीही असो, पहिला मार त्यालाच!

अशी सुमारे शंभर विमानं बनली. त्यातली निम्म्याहून अधिक रशियाला गेली. फ्रेंचांनी मात्र ती लवकरच बाजूला सारली.

दरम्यान जर्मनांकडच्या फोकर विमानाने १९१५ सालीच कोड्याचं खरं उत्तर आणलं होतं. त्याची मशीनगन इंजिनाशी अशी जोडलेली होती, की पातं समोर आलं की गोळी थांबे आणि पातं सरकलं की सुटे. झालं! शिपायाला पुढे बसवण्याची गरजच उरली नाही.

मग बेशरोची सगळी मेहनत फुकट गेली? मुळीच नाही. ए-२ च्या पंखांची बांधणी मजबूत होती. दोन पंखांमधल्या ताणाच्या तारा जिथे एकमेकींना छेदत, तिथे त्याने बारीक खांब बसवले होते. त्यामुळे तारांची थरथर कमी होई. ही युक्ती त्याने जपून ठेवली, पुढचं खोकं काढून टाकलं आणि १९१६ मध्ये ‘स्पॅड-७’ हे एका आसनाचं विमान तयार केलं. ते त्या युद्धातलं गाजलेलं लढाऊ विमान ठरलं. गिनेमेरसारखे नामवंत फ्रेंच वैमानिक त्यातूनच लढले.

तेव्हा मित्रांनो, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एखादं यंत्र कराल, तेव्हा ते चालतं का, एवढंच पाहू नका. ते बिघडलं तर सर्वांत आधी कोणाला लागेल, हेही स्वतःला विचारा. आणि फसलेलं मॉडेल लगेच मोडीत टाकू नका बरं! त्यात एखादा बारीक खांब पुढच्या वर्षासाठी दडलेला असेल.