नाथसागराचा मासा आणि चिंचेचा कोळ

मराठवाड्यात मासे खातात का, हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरात आलेला कोकणी किंवा मुंबईकर पाहुणा हमखास विचारतो. विचारण्याच्या सुरात थोडी कीवही असते. समुद्र नाही, खाडी नाही, तर मासे येणार कुठून? त्याला पैठणच्या रस्त्याला लावावं. पन्नासेक किलोमीटरवर जायकवाडीचं धरण लागतं. सुमारे १० किलोमीटर लांबीची मातीची भिंत, २७ दरवाजे आणि धरण भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं पाणी. दुसरा काठ दिसत नाही, तेव्हा पाहुणा जरा गप्प होतो.

लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये या धरणाची पायाभरणी झाली आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. एकनाथांच्या पैठणातलं पाणी म्हणून जलाशय नाथसागर झाला. शेताला पाणी, शहराला पाणी, उद्योगांना पाणी असा त्याचा हिशेब सगळे मांडतात. मासळीचा हिशेब मात्र भोई, कहार आणि कोळी घरांपुरताच राहिला. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य झाला आणि पक्ष्यांकडे लोकांचं लक्ष गेलं. अलीकडे पाण्यावर तरंगत्या सौर पॅनेलांचा प्रकल्प आला, त्याविरुद्ध कहार समाजाच्या पंच समितीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली आणि २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली, तेव्हा कुठे या पाण्यावर मासेमारीची चूल चालते हे वर्तमानपत्रांतून पुन्हा दिसलं.

धरणाआधीही गोदावरीत मासे होतेच. मरळ, वाम, शिवडा, शिंगटा ही नदीची जुनी माणसं. पण नदीपासून लांबच्या गावांत मासळी म्हणजे आठवडी बाजारातली सुकट आणि सुके बोंबील. मोठं पाणी साचलं आणि त्यात मत्स्यबीज सोडणं सुरू झालं, तसे रोहू, कटला, मृगळ हे गंगेच्या खोऱ्यातले मासे गोदावरीत रुळले. यामागे ओडिशातल्या एका प्रयोगाची पुण्याई आहे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची अंडी बंदिस्त पाण्यात मिळवली. तोवर बीज नदीतून गोळा करावं लागे. त्यानंतर ते केंद्रांवर तयार होऊ लागलं. चिलापी १९५२ मध्येच देशात आली होती. तिला बीज सोडायची गरज पडत नाही, ती आपली आपण वाढते आणि बाकीच्यांना जागा ठेवत नाही.

तर मासा आहे, ताजा आहे, रास्त दरात आहे. तरीही शहरातल्या कितीतरी घरांत तो एकदा आणला जातो आणि पुन्हा आणला जात नाही. तक्रार एकच: ‘चिखलाचा वास येतो.’

इथे दोन वासांची गल्लत होते. समुद्राच्या माशाच्या अंगात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचं द्रव्य असतं. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि आपण ज्याला वशट वास म्हणतो तो सुटतो. तो शिळेपणाचा वास. गोड्या पाण्यातल्या माशात हे द्रव्य नगण्य असतं. त्याचा मातकट वास शिळेपणाचा नसतोच. अर्ध्या तासापूर्वी जाळ्यातून काढलेल्या रोहूलाही तो येऊ शकतो. म्हणून ‘ताजा नव्हता वाटतं’ असं म्हणत दुकानदाराशी भांडणारे बहुतेक वेळा त्याच्यावर अन्याय करतात.

मातकट वासाच्या द्रव्याला जिओस्मिन हे नाव मिळालं ते १९६५ मध्ये, म्हणजे पैठणला पायाभरणी झाली त्याच वर्षी. पाण्यातले नीलहरित शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू ते तयार करतात. माणसाचं नाक या बाबतीत कमालीचं तिखट आहे: एक लिटर पाण्यात ग्रॅमच्या अब्जाव्या हिश्शाचे पाच-दहा भाग असले तरी कळतं. पहिल्या पावसानंतर मातीतून जो सुगंध येतो, त्यातही हेच द्रव्य असतं. कनौजचे अत्तरवाले तापलेल्या मातीचा वास चंदनाच्या तेलात उतरवून ‘मिट्टी का अत्तर’ विकतात. माणसं तो मनगटाला लावतात. तोच वास ताटातल्या तुकडीला आला की नाक मुरडतात.

मासा हे द्रव्य खाण्यातून कमी आणि कल्ल्यांतून जास्त घेतो आणि ते चरबीत साठतं. उन्हाळ्यात पाणी उतरतं, तापतं, शेवाळ माजतं, तेव्हा वास वाढतो. पण मासा काही दिवस स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवला तर तो हळूहळू निघूनही जातो. चेक प्रजासत्ताकात नाताळच्या आदल्या संध्याकाळी कार्प मासा लागतोच. तिथल्या तळ्यांतून काढलेले कार्प विकण्याआधी स्वच्छ पाण्याच्या हौदांत ठेवतात आणि घरी आणलेला जिवंत मासा दोन दिवस न्हाणीच्या टबात सोडायची जुनी रीत आहे. तोच कार्प आपल्याकडे ‘सायप्रिनस’ म्हणून विकला जातो, फक्त टब कोणी देत नाही. अमेरिकेत मिसिसिपीच्या कॅटफिश तळ्यांवर तर जाळं टाकण्याआधी एखादा मासा बिनमिठाचा शिजवून चाखणारी पगारी माणसं असतात. त्यांनी मान हलवली नाही तर सगळं तळं थांबतं.

आपल्या ओट्यावर एवढी चैन नाही. पण वास चरबीत असतो हे एकदा कळलं की सुरी कुठे चालवायची ते कळतं. रोहू किंवा कटला दुकानातच कापून घेतला तरी घरी एक फेरी करावी लागते. पोटाच्या आतल्या बाजूला काळसर पापुद्रा चिकटलेला असतो. तो नखाने किंवा बोथट सुरीने खरवडून काढायचा. पाठीच्या कण्याला चिकटून साकळलेल्या रक्ताची रेघ असते. वरचं पातळ आवरण सुरीच्या टोकाने चिरून ती वाहत्या पाण्याखाली बोटाने पुसून काढायची. पोटाची कड पातळ आणि चरबीदार असते, ती मोठ्या माशात निर्दयपणे कापून टाकावी. कातडीच्या आत, बाजूच्या रेघेला धरून लालसर काळं मांस असतं. फार वास येणाऱ्या माशाचं कातडं सोलून तेही काढता येतं. पित्ताची पिशवी फुटू द्यायची नाही. फुटली तर कडू होतंच. शिवाय रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळण्याचा अघोरी उपाय काही भागांत चालतो, त्याने मूत्रपिंडं निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वाम किंवा शिंगटा असेल तर खवले नाहीत, बुळबुळ आहे. जुन्या घरांत ती चुलीच्या राखेने चोळून काढत. गॅसच्या घरात जाडं मीठ तेच काम करतं.

एवढं झाल्यावर मग मीठ-हळद. आणि मग आंबट, जे या सगळ्या प्रकरणाचं खरं मर्म आहे.

आम्लात जिओस्मिनची मोडतोड होते आणि त्याचा वास जातो. समुद्राच्या वशट वासाचंही आम्लाशी वेगळ्या तऱ्हेने जमतं: अमाइनचा क्षार होतो आणि तो हवेत उडत नाही. म्हणजे लिंबू, चिंच, कोकम, व्हिनेगर हे नुसते चवीचे सोबती नाहीत. घरगुती चिंचेच्या कोळाने सगळा वास पार नाहीसा होतो असा दावा कोणी करू नये. साफसफाईत कसूर झाली असेल तर तो पुरा पडत नाही. पण साफ केलेल्या तुकड्या घट्ट कोळात अर्धा तास मुरवल्या की फरक नाकाला कळतो.

हे शास्त्र कळण्याच्या आठशे वर्षं आधी हा प्रांत ते करत होता. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, बिदर जिल्ह्यातलं, उमरग्याच्या पलीकडे. त्यात मासेमारीवर वेगळं प्रकरण आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच ग्रंथातल्या पाककृतीत माशाचे तुकडे धुऊन चिंचेच्या पाण्यात शिजवायला सांगितले आहेत. मग गव्हाचं पीठ लावून तेलात तांबूस तळायचे आणि वरून सैंधव, वेलची, मिरी. आधी आंबटात, मग तेलात. आजच्या कुठल्याही पाककृतीच्या व्हिडिओपेक्षा हा क्रम शहाणा आहे.

मराठवाड्यातलं माशाचं कालवणही त्याच वळणाचं. सुकं खोबरं आणि कांदा विस्तवावर काळपट होईस्तोवर भाजायचा, तीळ किंवा शेंगदाणे, लसूण, कोथिंबीर यांसह बारीक वाटायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं, काळा मसाला आणि चिंचेचा कोळ घालून रस्सा उकळू द्यायचा आणि तुकड्या सगळ्यात शेवटी सोडायच्या. काळ्या मसाल्यातलं दगडफूल स्वतःच थोडं मातकट, धुरकट वासाचं असतं. माशातला उरलासुरला वास त्यात मिसळून जातो, वेगळा टोचत नाही. रस्सा दाट करायला काही घरं ज्वारीचं भाजलेलं पीठ लावतात. तुकड्या पडल्यावर डाव फिरवायचा नाही, पातेलं दोन्ही हातांनी धरून हलवायचं.

याला चुलत भाऊ आहे तो निजामी स्वयंपाकघरात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हे शहर हैदराबाद संस्थानात होतं आणि जुन्या शहरातल्या मुसलमान घरांची खाण्याची नाळ अजून तिकडेच जाते. तिथल्या मछलीच्या सालनात भाजलेले तीळ, शेंगदाणे, खोबरं आणि भरपूर चिंच. नान-कलियाचं कौतुक शहरावरच्या प्रत्येक लेखात होतं. या सालनाचं मात्र कोणी करत नाही. भाकरीबरोबरचं कालवण आणि भाताबरोबरचं सालन शेजारी ठेवली तर मसाल्यात फरक निघेल, हाडापेरात निघणार नाही.

असं असताना शहरातली हॉटेलं पाट्या लावतात त्या ‘मालवणी’ आणि ‘कोस्टल’. नाथसागराचा रोहू नारळाच्या दुधात सोडतात. नारळाचं दूध गोड आणि चरबीदार, म्हणजे मातकट वासाला आयतं आसन. कोकणातल्या लोकांनी ते त्यांच्या माशासाठी शोधलं आणि त्यातही कोकम घालायला ते विसरले नाहीत. उसनवारीत नेमकं कोकमच हात आखडून पडतं.

मग ताक किंवा दही का नाही, तेही आंबटच? बंगालात दह्यातला मासा प्रसिद्ध आहे. मराठी घरात मासे आणि दूधदुभतं एकत्र म्हटलं की आजी अजूनही डोळे वटारते. त्या वटारण्याला जुना आधार आहे. चरकसंहितेत यावर चक्क वाद झालेला आहे: भद्रकाप्य म्हणतो, चिलिचिम सोडून बाकी मासे दुधाबरोबर चालतील, आत्रेय म्हणतो, कुठलाच नको. मराठवाड्याने आत्रेयांचं ऐकलं आणि चिंचेवर भागवलं.

ज्यांना एवढा खटाटोप नको त्यांच्यासाठी मरळ आहे. ती हवेतला श्वास घेते, त्यामुळे दुकानात जिवंत मिळते; चरबी कमी आणि बारीक काटे नाहीत. रोहू-मृगळातले इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखे काटे मुलांना घाबरवतात, म्हणून घरात लहान मूल आलं की मरळ येते. ‘मांगूर’ म्हणून जिवंत विकला जाणारा मोठा मिशाळ मासा मात्र पारखून घ्यावा. आफ्रिकी मांगुराच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे आणि तरी तो बाजारात सापडत राहतो.

समुद्राची उग्र मासळीही आता या शहरात ताजी मिळते. बांगडा, तारली बर्फात निघतात आणि रातोरात पोचतात. २०२५ च्या जूनमध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्याने मुंबईची बाजू आणखी जवळ आली. या माशांचा तेलकट, भारदस्त स्वाद हीच त्यांची ओळख, तो घालवायला जाणं हा करंटेपणा. कोकण-गोव्यात बांगड्याला तिरफळ लावतात, उडीद-मेथीची आमटी करतात, म्हणजे त्या स्वादाला तोलामोलाचा जोडीदार देतात. इथे धोका वेगळा आहे. बांगडा उबेत राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून, तळून कशानेच जात नाही. चेहरा लाल होणं, अंगावर गांधी उठणं, डोकं ठणकणं हे ‘मासे उष्ण पडले’ म्हणून सोडून दिलं जातं. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरवरच्या शहरात बांगडा घेताना डोळा चकचकीत आणि पोट घट्ट हवं. शिवाय दुकानदाराने तो बर्फाच्या आत ठेवलाय की नुसता बर्फावर मांडलाय, हेही पाहावं.

राहता राहिलं कटल्याचं डोकं. दुकानदार ‘डोकं ठेवू का?’ विचारतो आणि निम्मे लोक नको म्हणतात. बंगाली माणूस त्यासाठीच कटला घेतो आणि मूगडाळीत घालून शिजवतो. डोक्यात चरबी जास्त, म्हणून वासही जास्त. कल्ले पूर्ण उपटायचे, दोन फाका करायच्या, मीठ चोळून पंधरा मिनिटांनी धुवायच्या, मग कोळात मुरवून आधी तेलात चांगल्या खरपूस करायच्या आणि नंतरच रश्शात टाकायच्या. कोळ तुकड्यांना घेतला त्याच्या दुप्पट घ्यावा, आणि मुरवलेला कोळ रश्शात न ओतता फेकून द्यावा.