कातकरी वाडीचे ज्ञान वेळीच नोंदवा

महाड औद्योगिक वसाहतीच्या आसपास व पोलादपूरच्या डोंगरउतारावर अनेक गावांच्या कडेला कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. भाताची कापणी आटोपली की यांतील पुष्कळ कुटुंबे वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीस जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मुलेही बरोबर जात असल्याने वडीलधाऱ्यांचे रानाचे ज्ञान त्यांच्यापर्यंत पोहोचेनासे झाले आहे.

कातकरी म्हणजे कात करणारे. खैराच्या गाभ्याचे तुकडे मडक्यांत उकळून व तो काढा आटवून ते कात तयार करीत. १८७८ च्या वन कायद्यानंतर वृक्षतोडीवर निर्बंध आले व हा धंदा मोडत गेला. ए. एन. वेलिंग यांनी या जमातीवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९३४ साली प्रसिद्ध झाला. तथापि प्रत्येक वाडीचे ज्ञान त्या वाडीतच मिळते.

कडू करांद्याचेच उदाहरण घ्यावे. हा कंद कच्चा खाणे अपायकारक असते. म्हणून त्याचे काप राखेच्या पाण्यात उकळून वाहत्या पाण्यात ठेवतात. शेवळाच्या भाजीत काकडाची फळे घातली नाहीत, तर घसा खाजतो. यातील एक पायरी जरी नोंदीतून गळली, तरी ती नोंद उपयोगाऐवजी अपायास कारण होईल.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. प्रथम वाडीची संमती घ्यावी. जे सांगावयाचे नाही, ते विचारू नये.

२. वनस्पतीचे नाव कातकरी बोलीत जसे उच्चारले जाते तसेच लिहावे. मराठी नाव मागाहून द्यावे. ही बोली अशुद्ध मराठी होय, असे समजू नये.

३. रानभाज्या व कंद आणणाऱ्या स्त्रियांना अवश्य विचारावे. हंगाम, जागा व कृतीची प्रत्येक पायरी लिहावी.

४. लिहिलेले वाचून दाखवावे, चुका दुरुस्त कराव्यात व एक प्रत वाडीत ठेवावी.

हे काम कापणीपूर्वीच करावे, कारण नंतर वाडी रिकामी होते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. संमतीने मिळालेली माहिती तीत घालावी.

वाडीच्या इतिहासासही तितकेच मोल आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांप्रमाणे, दावेदाराव्यतिरिक्त अन्य वृद्धांचे लेखी घेतलेले कथन पुरावा म्हणून ग्राह्य आहे. कोणते शेत कोण कसत होते, जुनी वाडी कोठे होती, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत. त्यांचे सांगणे आज लिहून घेतले, तर उद्या त्यांच्या नातवंडांच्या पायाखालची जमीन टिकण्यास त्याचे साहाय्य होईल.