मालक, तपासनीस आणि विचारणारा

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापुरातलं केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. छप्पर कोसळलं, रंगमंच जळून गेला. १९०२ च्या युरोप दौऱ्यात शाहू महाराजांनी तिकडची नाट्यगृहं आणि रोमचं कलोझियम पाहिलं होतं. त्यातून कोल्हापूरला पाठीला पाठ लावून दोन वास्तू मिळाल्या: कुस्तीसाठी खासबाग मैदान आणि नाटकासाठी १९१५ साली उभं राहिलेलं पॅलेस थिएटर. पुढे त्याच थिएटरला संगीतसूर्य केशवरावांचं नाव मिळालं. संस्थान गेलं, वास्तू महापालिकेकडे आली.

आग कशी लागली, त्या चौकशीत मी इथे शिरत नाही. माझा प्रश्न त्या रात्रीच्या आधीचा आहे. अशा वास्तूवर एरवी, कुणाचं लक्ष नसलेल्या दिवसांत, नजर कुणाची असते?

कायद्यात याचं उत्तर आहे, पण ते अर्धंच आहे. १९४९ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये पालिकेची बंधनकारक कर्तव्यं येतात: पाणी, गटारं, झाडलोट, दिवे. उद्यानं, क्रीडांगणं, वाचनालयं, संग्रहालयं येतात कलम ६६ मध्ये, म्हणजे ऐच्छिक कामांत. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत उद्यानं, क्रीडांगणं आणि सांस्कृतिक बाबींचं संवर्धन हे विषय शहरांच्या पदरात टाकले खरे, पण ऐच्छिक हा शिक्का पुसला गेला नाही. तिजोरीत पैसा कमी पडला की पहिली कात्री इथेच लागते.

त्यात अंदाजपत्रकाची रचना अशी, की नवी इमारत भांडवली खर्चात जाते आणि गळकं छप्पर, बंद पडलेला पंखा, रंगभूषेच्या खोलीतला तुटका आरसा महसुली खर्चात. भांडवली कामाचं भूमिपूजन होतं, कोनशिला बसते. गळती थांबवल्याबद्दल कुणी नारळ फोडत नाही. २०२३ च्या मे महिन्यात रत्नागिरीच्या नाट्यगृहात वातानुकूलन चालत नव्हतं, म्हणून भरत जाधव यांनी रंगमंचावरून प्रेक्षकांची हात जोडून माफी मागितली. नटाने माफी मागावी असं त्यात काय होतं? ज्यांनी ती मागायला हवी होती, ती माणसं प्रेक्षागृहात नव्हती.

आता आगीच्या संदर्भातली एक बाब, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अशा इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, आग विझवण्याची यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र सादर करायचं असतं. ते पाहायचं काम अग्निशमन अधिकाऱ्याचं. खासगी चित्रपटगृहाच्या बाबतीत हे सरळ आहे: मालक एक, तपासणारा दुसरा. पालिकेच्या नाट्यगृहात मात्र मालक पालिका आणि तपासनीसही पालिकाच. दोघेही एकाच आयुक्ताच्या हाताखाली. आपल्याच खात्याला नोटीस काढायला कुठला अधिकारी धजावेल? म्हणून तिसऱ्याची गरज असते, विचारणाऱ्याची. ही जागा नगरसेवकाची आहे. स्थायी समितीत, सर्वसाधारण सभेत उभं राहून 'जुलैचं प्रमाणपत्र दाखवा' म्हणणाऱ्याची.

आणि नेमकी तीच जागा रिकामी होती. कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. मुंबई, पुण्याच्या मुदती मार्च २०२२ मध्ये संपल्या. नाट्यगृह जळालं तेव्हा राज्यातल्या बहुतेक सगळ्या महापालिकांवर प्रशासक होते. प्रशासक सभेचेही अधिकार वापरतो, स्थायी समितीचेही. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच. नगरसेवक असते तर आग लागली नसती, असं मी म्हणत नाही. सभागृह भरलेलं असतानाही नाट्यगृहाच्या स्वच्छतागृहांवर चर्चा क्वचितच होते, हे मला ठाऊक आहे. तरी विचारण्याचा अधिकार असलेला माणूस असणं आणि नसणं, यात फरक आहे.

सभागृहाने मनावर घेतलं तर काय होतं, त्याचा जुना दाखला दादरला आहे. १९२५ साली खुल्या झालेल्या माहीम पार्कला १९२७ मध्ये शिवाजी पार्क हे नाव मिळालं, ते नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने. २०१० मध्ये त्या मैदानाला शांतता क्षेत्राचं संरक्षण मिळालं, तेव्हा मात्र रहिवाशांना उच्च न्यायालयात जावं लागलं होतं. आणि अलीकडे तिथल्या लाल मातीची धूळ घराघरांत शिरते, म्हणून लोक पुन्हा दारोदार तक्रारी घेऊन फिरले. मैदान तेच, पण प्रश्न न्यायचा कुठे, ते ठिकाण बदललं.

पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराची पायाभरणी १९६२ मध्ये खुद्द बालगंधर्वांच्या हस्ते झाली. २६ जून १९६८ ला, त्यांच्या जन्मदिवशी, ते उघडलं, पण ते पाहायला बालगंधर्व नव्हते. ते पाडून तिथे मोठं संकुल बांधण्याची भाषा गेली काही वर्षं चालू आहे, आणि कलावंतांतून तिला विरोधही होत आला आहे. इमारती कायम टिकत नाहीत, हे मान्य. पण आधी वर्षानुवर्षांचा दुरुस्तीचा हिशेब सभागृहात मांडा, मग पाडण्याचं बोला. तो मांडला गेला नाही, तर नव्या संकुलाचं छप्परही पंधरा वर्षांत गळू लागेल.

केशवरावांचं नाट्यगृह पुन्हा होतं तसंच उभं करायचं ठरलं, याचा मला मनापासून आनंद आहे. दारात प्रयोगांचा फलक पुन्हा लागेल तेव्हा, त्याच्या शेजारी, कुणालाही वाचता येईल अशा अक्षरांत, जानेवारीचं आणि जुलैचं प्रमाणपत्रही लावा.