पिसदुऱ्याच्या शेतातले दगड

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथल्या शेतांतल्या तांबड्या मातीत लांबट, गोलसर, करडे-तपकिरी दगड सापडतात. त्यांना ना चमक, ना रंग. शोभेच्या दगडांच्या दुकानात कोणी त्यांच्याकडे वळूनही पाहणार नाही. पण हे दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची अश्मीभूत विष्ठा आहे, आणि माझ्या मते महाराष्ट्राच्या भूमीतून निघालेल्या सर्वांत मोलाच्या जीवाश्मांत त्यांची गणना व्हायला हवी.

वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी या विष्ठाश्मांतले सूक्ष्म अवशेष तपासले. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे बारीक कण तयार होतात. वनस्पती कुजली तरी ते टिकतात आणि त्यांच्या आकारावरून तिचं कूळ कळतं. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत हे कण चक्क गवताचे निघाले, तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला. तोवर डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं, असंच बहुतेक जण धरून चालले होते. पुढे २०११ मध्ये यातली काही गवतं भाताच्या गोतावळ्यातली असल्याचंही मांडलं गेलं. आज ज्या पूर्व विदर्भात धानाची शेती होते, तिथेच भाताच्या इतक्या जुन्या भाऊबंदांची खूण मिळावी, याचं मला फार अप्रूप वाटतं.

ही विष्ठा डायनोसॉरची असावी, हे कशावरून? दगडाकडे नुसतं पाहून ते सांगता येत नाही. ते सांगतो त्याचा थर. याच थरांत टायटनोसॉर या महाकाय शाकाहारी डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत. हे थर लॅमेटा गटातले. जबलपूरजवळच्या नर्मदेवरील लॅमेटा घाटावरून त्यांना हे नाव पडलं. ते दख्खनच्या लाव्हाखाली आहेत, म्हणजे लाव्हा त्यांच्यावर पसरण्याआधीचे. वय आणि मालक, दोन्हींचा पुरावा असा दगडाच्या बाहेर असतो. तोच विष्ठाश्म पिशवीत घालून पुण्या-मुंबईला नेला आणि कुठून उचलला हे विसरलं, तर हातात उरतो फक्त एक दगड.

महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हाच्या काळ्या कातळाचा असल्यामुळे इथे जीवाश्म ओळखताना फसगत फार होते. कातळातल्या पोकळीत झिओलाइट किंवा गारगोटी साचून झालेला गोळा अनेकांना डायनोसॉरचं अंडं वाटतो. दगडाच्या फटीत मँगनीजची काळी नक्षी उमटते, ती हुबेहूब नेच्याच्या पानासारखी दिसते. तिचा वनस्पतीशी काहीही संबंध नसतो. म्हणून आधी खडक गाळाचा आहे का, ते पाहावं: थर दिसतात का, वाळूचे किंवा मातीचे कण दिसतात का. गाळाच्या खडकांपैकी चुनखडीच्या साध्या तुकड्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की तो फसफसतो. (जीवाश्मावर मात्र आम्ल कधीही टाकू नये.) चर्ट हा सिलिकाचा कठीण खडक फसफसत नाही, पण काचेवर ओरखडा काढतो.

नागपूर परिसरात दोन लाव्हाप्रवाहांच्या मधल्या काळात तळी साचली होती. त्यांच्या तळाचा गाळ पुढे कठीण चर्ट झाला आणि त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी अडकल्या. त्यांतली ‘फायसा प्रिन्सेपी’ सहज ओळखता येते. शंखाचं टोक वर धरून तोंड आपल्याकडे केलं की ते डाव्या बाजूला येतं. बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे असतं. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८५०च्या दशकात या भागातले असे जीवाश्म गोळा केले आणि ते कोणत्या ठिकाणचे, कोणत्या थरातले, हेही लिहून ठेवलं. त्यामुळे पुढच्या अभ्यासकांना त्या जागी परत जाता आलं.

शेतात किंवा विहीर खणताना असं काही दिसलं, तर हातोडा लावू नका. दगड आहे तिथेच ठेवून शेजारी मोजपट्टी ठेवा आणि फोटो काढा. मोबाइलवर जागेची नोंद करा. वर-खाली कोणत्या रंगाची माती आहे, तेही लिहा. मग जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाला किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला कळवा.