बुसान : निर्वासितांनी घडवलेलं बंदर

सेऊलहून वेगवान केटीएक्स रेल्वेने निघालेले पर्यटक अडीच-तीन तासांत बुसानला उतरतात आणि बहुतेक जण तडक पूर्वेकडच्या हेउंदे किनाऱ्याची वाट धरतात. तिथे दीड किलोमीटर लांबीची पुळण आहे, मागे काचेच्या गगनचुंबी इमारती आहेत, फोटोत पाहिलेलं सगळं काही आहे. तरीही दोन दिवस हाताशी असतील, तर पहिला दिवस स्टेशनच्या दक्षिणेकडच्या जुन्या बंदराला द्यावा. दक्षिण कोरियातलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर डोंगराला बिलगून का राहतं आणि त्याच्या ताटात अमुकच पदार्थ का येतात, हे तिथे फिरल्यावर उमगतं.

१८७६ च्या करारानंतर हे बंदर जपानी व्यापाराला खुलं झालं. पण आजचं बुसान घडलं ते १९५० ते १९५३ च्या युद्धात. उत्तर कोरियाच्या फौजा नाकडोंग नदीपर्यंत येऊन थडकल्या, तरी बुसान त्यांच्या हाती लागलं नाही. युद्धाचा बराचसा काळ देशाची हंगामी राजधानी इथे होती. सरकारपाठोपाठ निर्वासितांचे लोंढे आले. १९४९ मध्ये पाच लाखांच्या आत असलेली लोकसंख्या १९५५ मध्ये दहा लाखांवर गेली. सपाट जागा आधीच भरलेली. नव्याने आलेले लोक डोंगर चढत गेले.

जुन्या बंदराची फेरी

सुरुवात योंगदो पुलापासून करावी. १९३४ मध्ये बांधलेल्या या पुलाचा एक भाग जहाजांसाठी वर उचलला जाई. अख्ख्या कोरियाला ठाऊक असलेला हा पूल युद्धात ताटातूट झालेल्यांचं भेटीचं ठिकाण बनला. ‘चुकामूक झाली, तर योंगदो पुलापाशी भेटू’ असं सांगून लोक घराबाहेर पडत. पूल उचलणं १९६६ मध्ये थांबलं आणि २०१३ पासून पुन्हा सुरू झालं. शनिवारी दुपारी ते पाहायला गर्दी होते.

पुलापासून चालत जाण्याच्या अंतरावर जागलची हा मासळीबाजार आहे. टोपल्या घेऊन इथे बसायला सुरुवात केली ती मुख्यतः युद्धाने निराधार केलेल्या बायकांनी. आजही विक्रेत्यांत बायकाच जास्त आणि त्यांची हाकही खणखणीत. खाली टाकीतली जिवंत मासळी निवडायची आणि वरच्या मजल्यावर ती कापून किंवा शिजवून घ्यायची, अशी इथली रीत आहे.

रस्ता ओलांडला की गुकजे बाजार लागतो. जपानी राजवट संपल्यावर मागे राहिलेलं सामान आणि पुढे अमेरिकी छावण्यांतून बाहेर आलेला माल, यांवर तो फोफावला. जवळच्या बोसू-दोंगच्या अरुंद गल्लीत जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. त्यांचा आरंभही निर्वासितांनी मांडलेल्या जुन्या मासिकांच्या विक्रीतून झाला.

तिथून वर डोंगरात आमी-दोंग आहे. इथे पूर्वी जपान्यांची दफनभूमी होती. डोक्यावर छप्पर नसलेल्या लोकांनी थडग्यांचेच दगड पायाला आणि पायऱ्यांना लावून घरं उभारली. काही दगडांवरची जपानी अक्षरं अजून वाचता येतात. खिंडीपलीकडे रंगीबेरंगी घरांचं गामचॉन आहे. मागच्या घराचा उजेड आणि समोरचा देखावा अडू नये, अशा बेताने इथली घरं पायरी-पायरीने बांधलेली आहेत. २००९ मध्ये कलाकारांनी या वस्तीचं रूप पालटायला घेतलं आणि ती जगभरच्या प्रवाशांच्या यादीत आली. मात्र ही राहती वस्ती आहे. आवाज बेताचा ठेवावा आणि कुणाच्या खिडकीत कॅमेरा रोखू नये. मेट्रोच्या तोसॉंग स्थानकाबाहेरून छोटी बस वर जाते.

काय खावं

बुसानची चव टंचाईतून आली आहे. उत्तरेकडच्या लोकांना बकव्हीटच्या थंडगार शेवया हव्या होत्या, पण इथे ते धान्य मिळेना. अमेरिकी मदतीतला गव्हाचा मैदा मात्र होता. त्यातून मिलम्यॉन जन्मला: गव्हाच्या शेवया, बर्फाळ रस्सा आणि वर तिखट लाल वाटण. द्वेजी गुकबाप म्हणजे डुकराच्या हाडांचा तासन्‌तास उकळलेला रस्सा आणि त्यात भात. तो खारवलेली बारीक कोळंबी घालून आपल्या चवीचा करून घ्यायचा असतो. माशाच्या वाटणाचे ऑमुक काडीला टोचून, कढत रश्शासह उभ्याउभ्या खातात. गुकजेजवळच्या चित्रपट चौकात मिळणारा सिआत होत्तॉक, म्हणजे तळलेली गोड पोळी चिरून आत सूर्यफुलाच्या वगैरे बिया भरलेला पदार्थ, मांसमासे न खाणाऱ्यांनाही चालेल. शाकाहाऱ्यांनी एवढंच ध्यानात ठेवावं की भाज्यांच्या साध्या रश्शातही बहुधा सुकी मासळी असते आणि किमचीतही मासळीचं खारवण पडतं.

पूर्वेचा किनारा

दुसऱ्या दिवशी मेट्रोची दोन नंबरची लाइन पकडावी. वाटेत देयॉन स्थानकाजवळ संयुक्त राष्ट्रांची दफनभूमी आहे. या संघटनेची जगातली ही एकमेव दफनभूमी. १९५१ मध्ये ती सुरू झाली आणि सुमारे २,३०० सैनिक इथे विसावले आहेत. कोरियन युद्धात भारताने लढाऊ फौज पाठवली नाही. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली वैद्यकीय पथक पाठवलं आणि ते नोव्हेंबर १९५० मध्ये याच बंदरात उतरलं.

पुढे ग्वांगल्लीचा किनारा आणि समोर समुद्रावरून जाणारा ग्वांगान पूल. तो संध्याकाळी पाहावा. हेउंदेच्या टोकाला, मिपोपासून सोंगजॉंगपर्यंत, बंद पडलेल्या जुन्या रेल्वेमार्गावर आता पर्यटकांची छोटी गाडी समुद्राच्या काठाने धावते. त्याही पलीकडे हेदोंग योंगगुंगसा हे बौद्ध मंदिर आहे. कोरियातली मंदिरं सहसा डोंगरात असतात, हे मात्र लाटांच्या काठी खडकावर उभं आहे. १३७६ मध्ये ते स्थापन करणारे भिक्षू नाओंग हे भारतातून गेलेल्या जिगोंग, म्हणजे ध्यानभद्र, यांचे शिष्य. सोळाव्या शतकाअखेरच्या जपानी स्वारीत मूळ वास्तू जळाली. आज दिसते ती विसाव्या शतकातली उभारणी.

मुक्काम कुठे

किनाऱ्यासमोरची मोठी हॉटेलं हेउंदेला आहेत आणि उन्हाळ्यात त्यांचे दर चढतात. मध्यम खर्चात राहायचं तर मेट्रोच्या एक आणि दोन नंबरच्या लाइन जिथे मिळतात ते सॉम्यॉन सोयीचं. मंदिरात राहून पहाटेच्या प्रार्थनेपासूनची दिनचर्या अनुभवायची असेल, तर ६७८ मध्ये स्थापन झालेल्या बॉमॉसा मठात आधी नोंदणी करून राहता येतं. तिथलं जेवण पूर्ण शाकाहारी असतं.

भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागतो. जुलैचा पाऊस आणि ऑगस्ट-सप्टेंबरमधली वादळं टाळून एप्रिल किंवा ऑक्टोबर गाठावा. आणि एकच रात्र मिळणार असेल, तर हेउंदेचा मोह सोडून स्टेशन ते जागलचीलगतचं नाम्पो या पट्ट्यातल्या एखाद्या साध्या गेस्टहाउसमध्ये उतरावं. रात्री बाजार, सकाळी जागलची आणि परतीच्या गाडीआधी एक वाटी गुकबाप, एवढं पायी उरकतं.