हवी त्याला सापडेना: मोठ्यांची मराठी कथा आणि तिचा वाचक

'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला आणि मुद्रक-प्रकाशकाला पंचवीस-पंचवीस रुपये दंड केला आणि त्यांच्याकडच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. काकोडकर सर्वोच्च न्यायालयात गेले. २५ ऑगस्ट १९६९ रोजी कथा अश्लील नसल्याचा निकाल लागला. समाजाची मापं झपाट्याने बदलत आहेत, आणि कथेत स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेखही अश्लील ठरवला तर कोवळ्या वयाच्या वाचकांना धार्मिक ग्रंथांखेरीज काही वाचायला उरणार नाही, अशा आशयाचं मत न्यायालयाने नोंदवलं. काकोडकरांच्या 'नीलांबरी'वर बेतलेला 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपटही त्याच वर्षी पडद्यावर आला.

या खटल्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्याच्या आधीच्या एका साध्या गोष्टीचं महत्त्व जास्त वाटतं. 'रंभा'च्या वाचकाला 'श्यामा' शोधावी लागली नव्हती. अंकाचं नाव, मुखपृष्ठ, अनुक्रमणिकेतलं काकोडकरांचं नाव आणि अंक हातात देणारा विक्रेता, एवढ्या चार खुणांवर तो कथेपर्यंत पोचला. आज नागपुरातला एखादा लेखक चाळिशीतल्या बाईच्या इच्छेवर, दोन पुरुषांच्या प्रेमावर किंवा लग्नात विझत गेलेल्या शरीरसंबंधावर कथा लिहून ती आंतरजालावर ठेवतो, तेव्हा यातली एकही खूण त्याच्या हाती नसते. कथा सगळ्या जगाला खुली असते आणि जिला ती हवी आहे, तिलाच ती सापडत नाही.

'मोठ्यांची कथा' म्हणताना मी उत्तेजना विकणाऱ्या लेखनाबद्दल बोलत नाही. कामना, देह, हिंसा, अपराधीपण यांच्याकडे न लाजता बघणारं, प्रौढ माणसांनी प्रौढ माणसांसाठी लिहिलेलं कथात्म साहित्य मला अभिप्रेत आहे. त्याचा वाचकवर्ग लहान असतो, पण चिवट असतो. विदर्भात त्याची परंपराही आहे. १९३०च्या दशकात गीता साने यांच्या कादंबऱ्यांनी लग्नसंस्थेलाच प्रश्न विचारले. नागपुरातून 'आदेश' साप्ताहिक चालवणाऱ्या पु. भा. भावे यांच्या कथांतली उत्कट वासना त्या काळच्या वाचकाला हादरवून गेली. महेश एलकुंचवारांच्या 'वासनाकांड' या नाटकातले बहीण-भावाचे संबंध परिनिरीक्षण मंडळाला सोसले नाहीत आणि त्यावर बंदी आली. त्या बंदीविरुद्ध अमोल पालेकर न्यायालयात गेले. म्हणजे नागपूरला असं लेखन नवं नाही. अडचण कायम होती ती ते वाचकाच्या हाती पोचण्याची. मराठी पुस्तकं बहुतेक छापली जातात पुण्या-मुंबईत, आणि मुंबई इथून रेल्वेने आठशे किलोमीटरहून दूर. इथल्या सीताबर्डीवरच्या दुकानदाराने जे मागवलं, तेच आपल्या वाचनात येणार. या अंतरामुळेच आंतरजालाकडून सर्वात मोठी आशा विदर्भासारख्या भागाने ठेवायला हवी होती.

जुन्या वाटा कशा चालत होत्या, हे नीट पाहिल्याशिवाय नव्या वाटेवर काय हरवलं ते कळणार नाही.

पहिली वाट टोपणनावाची. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं ते विभावरी शिरूरकर या नावाने. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातलं इतकं उघडं लेखन करणारी ही बाई कोण, यावरून महाराष्ट्रात वादळ उठलं. त्या मालतीबाई बेडेकर, हे पुढे कळलं. टोपणनावाने लेखिकेला संरक्षण मिळालं, पण ते नाव एकच आणि टिकाऊ असल्याने वाचकाला पुढचं पुस्तकही ओळखता आलं. आज आंतरजालावर लिहिणारे कितीतरी लेखक ही दुसरी बाजू विसरतात. दर कथेला नवं टोपणनाव घेतात, आणि जिला पहिली कथा आवडली ती वाचक दुसरीपर्यंत पोचतच नाही.

दुसरी वाट पत्रव्यवहाराची. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक आरोग्याचं मासिक १९२७ पासून १९५३ पर्यंत चाललं, ते वाचकांच्या खाजगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांमुळेही. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला तो अशाच उत्तरांवरून, आणि त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक कथांचं नव्हतं, पण आपल्याकडे ज्याबद्दल कुणाशी बोलता येत नाही त्याबद्दल लिहून विचारता येईल असं एक ठिकाण आहे, हा भरवसा त्याने वाचकांना दिला.

तिसरी वाट दिवाळी अंकांची. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून वर्षातून एकदा मराठी घरात अंकांचा ढीग येऊ लागला. त्यात काही अंक मोठ्यांचे. मधुकर पाटकरांच्या 'आवाज'मधली खिडकीचित्रं अजून कुणी विसरलेलं नाही: कापलेल्या चौकटीतून काहीतरी चावट दिसतंय असं वाटावं आणि पान उलटल्यावर निरागस चित्र निघावं. लक्ष वेधून घेण्याची ती पद्धत हसरी होती, तिच्यात वाचकाचा अपमान नव्हता. चंद्रकांत खोत 'अबकडई' या दिवाळी अंकाचे संपादक, आणि १९७० च्या 'उभयान्वयी अव्यय' या कादंबरीचे लेखकही. खोतांच्या अंकात काय असेल याचा अंदाज घेऊनच वाचक तो विकत घेत. संपादकाचं नाव हीच वाचकाला मिळालेली हमी होती.

चौथी वाट नागपूरची आहे, आणि ती मला सर्वात मोलाची वाटते. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. तेव्हापासून दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. पातळ पुस्तिका, कमी किंमत, कित्येकदा स्टॉलवर स्वतः लेखक बसलेला. चकचकीत दुकानांत ज्या साहित्याला जागा नव्हती, त्याने आपला वाचक असा जमवला. कामनेच्या कथेची आणि त्या साहित्याची बरोबरी मी करत नाही. त्यामागची प्रेरणा फार वेगळी, फार मोठी आहे. पण मार्गाचा विचार करताना एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. वाचक जिथे आधीच एकत्र येतात तिथे पुस्तक गेलं पाहिजे, ठरलेल्या दिवशी, दरवर्षी.

आता आंतरजाल. २०१६ हे वर्ष निर्णायक ठरलं. सप्टेंबरात जिओमुळे डेटा स्वस्त झाला, डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली. त्याआधीच 'प्रतिलिपि'ने मराठी लेखकांना थेट प्रकाशनाची जागा दिली होती आणि २०१७ साली ऐकायच्या पुस्तकांचं 'स्टोरीटेल' भारतात आलं, मराठी घेऊनच. या चारही गोष्टींनी एक मोठा बदल घडवला, त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही: वाचनाला एकांत मिळाला. दोन खोल्यांच्या घरात, सासू-सासरे आणि मुलांसमोर जे पुस्तक हातात धरता येत नव्हतं, ते आता फोनवर वाचता येतं, कानात घालून ऐकता येतं. मोठ्यांच्या कथेला ऐकण्याचं माध्यम इतकं मानवलं, त्याचं कारण हेच असावं असं मला वाटतं.

एकांत मिळाला, पण खुणा गेल्या. एखादी वाचक फोनवर 'मराठी कथा' शोधते, बहुतेक वेळा रोमन अक्षरांत. सोबत 'प्रेम' किंवा 'शृंगार' असा शब्द जोडला की समोर येतो तो लेखकाचं नावच नसलेल्या, कुठून तरी उचललेल्या अश्लील मजकुराचा ढीग. चांगली कथा त्याच ढिगात गाडली जाते, किंवा त्या ढिगाच्या भीतीने लेखक आपल्या कथेला इतकं सोवळं वर्णन लावतो की ती कुणासाठी आहे तेच कळत नाही. दोन्हीकडून नुकसान वाचकाचंच. त्यात लेखनाचे भेद: कुणी 'शृंगार' लिहितो, कुणी 'श्रृंगार', रोमनमध्ये तर चार-पाच तऱ्हा. लेखकाने वर्णनात आणि शोधशब्दांत या तऱ्हा दिल्या नाहीत, तर कथा असूनही नसल्यासारखी होते. ही बाब क्षुल्लक वाटते, पण नाव चुकीचं लिहिलेल्या पत्त्यावर पत्र पोचत नाही, तसंच हे आहे.

दुसरी अडचण गाळणीची. अमेझॉनवर एखादं पुस्तक 'प्रौढांसाठी' म्हणून गणलं गेलं की सर्वसाधारण शोधातून ते मागे पडतं. नाव नेमकं माहीत असलेल्यालाच ते सापडतं. फेसबुक-इन्स्टाग्रामवर अशा पुस्तकाची जाहिरात नियमांत अडकते. आणि हे सगळं एका रात्रीत बदलू शकतं. २०१२ साली पैसे पोचवणाऱ्या पेपॅलच्या दबावाने स्मॅशवर्ड्स या ई-पुस्तकांच्या दुकानाला कामकथांचे काही प्रकार काढून टाकायची वेळ आली होती, ओरड झाल्यावर पेपॅलने माघार घेतली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये वाद झाल्यावर कोबो या ई-पुस्तकांच्या कंपनीने तिथल्या दुकानातून स्वयंप्रकाशित पुस्तकं सरसकट उतरवली, ज्यांत बालकथाही होत्या. जुलै २०२५ मध्ये पैसे पोचवणाऱ्या कंपन्यांच्या दबावापुढे इच.आयओ या संकेतस्थळाने प्रौढांसाठीचं सगळं साहित्य शोधातून नाहीसं केलं. कथा लिहिणाऱ्याने, छापणाऱ्याने आणि वाचणाऱ्याने काहीही ठरवो, पैशाची नळी ज्याच्या हातात, त्याची मर्जी शेवटची ठरते. लेखकाने एकाच दुकानावर विसंबू नये याचं कारण इथे आहे.

कायद्याची भीती मात्र बहुधा अवाजवी असते. अश्लीलतेचं कलम पूर्वी भारतीय दंड संहितेत २९२ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत २९४ आहे. आंतरजालासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७. साहित्य, कला, विज्ञान यांच्या हितासाठीच्या प्रकाशनाला दोन्ही ठिकाणी सूट आहे. २०१४ साली अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुट्या उताऱ्यांवरून अश्लीलता ठरवणारी जुनी हिक्लिन कसोटी सोडली आणि समकालीन समाजाच्या मापाने संपूर्ण कृतीकडे बघायला सांगितलं. २०२४ च्या अपूर्वा अरोरा निकालात शिवराळ भाषा म्हणजे अश्लीलता नव्हे, हेही स्पष्ट झालं. एक रेघ मात्र पक्की आहे आणि तशीच असली पाहिजे: पात्रं सज्ञान हवीत. अल्पवयीनांच्या बाबतीत साहित्याच्या नावाखाली कुठलीही पळवाट असू नये.

मग उपयोगी काय पडतं? जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण 'फिफ्टी शेड्स'चं. ते पुस्तक म्हणून २०११ साली आलं, पण त्याचा वाचक त्याआधीच आंतरजालावर प्रकरणाप्रकरणाने जमला होता. त्या कादंबरीच्या साहित्यिक दर्जाबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. क्रम मात्र लक्षात घ्यावा असा आहे. आपल्याकडे याच्या नेमकं उलट घडतं. पुस्तक आधी, वाचकांचा शोध नंतर. लेखकाने क्रमशः लिहावं, पहिलं प्रकरण फुकट द्यावं, आणि वाचकांचे ईमेल पत्ते स्वतःजवळ जपावेत, कारण दुकानाच्या यादीतला वाचक दुकानाचा असतो. कथेच्या वरच दोन ओळींत प्रामाणिकपणे सांगावं: कुणासाठी आहे, त्यात देहाचं वर्णन किती उघड आहे, हिंसा आहे का. या सूचनेने वाचक पळतात हा गैरसमज आहे. ज्या वाचकाला ती कथा हवी आहे, त्याला याच दोन ओळी विश्वास देतात, आणि ज्याला नको आहे त्याच्या संतप्त तक्रारीतून कथा बचावते.

मुखपृष्ठाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. मराठी ई-पुस्तकांच्या प्रौढ कथांवर तीच ती फुकटात मिळणारी, अर्धवट वस्त्रांतली परदेशी मॉडेल दिसते. आत वर्ध्याच्या शाळेतली विधवा शिक्षिका असेल आणि वर समुद्रकिनाऱ्यावरची गोरी मुलगी, तर शिक्षिकेची कथा शोधणारी बाई ते पान उघडणारच नाही. 'आवाज'च्या खिडकीला जे कळलं होतं, ते या चित्रांना कळलेलं नाही.

सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली मौज प्रकाशनाने काढली. एकाच माणसावर प्रेम करणाऱ्या भाऊ-बहिणीची ही कादंबरी बरीच वर्षं मराठीतल्या थोड्या वाचकांपुरती राहिली. २०१३ साली जेरी पिंटोंच्या इंग्रजी अनुवादाने ती दूरवर गेली, २०२२ साली नेटफ्लिक्सवर तिचा चित्रपट आला. आपल्या भाषेतली कथा परभाषेतून फिरून आपल्यापर्यंत यावी, हे मला सलतं. तिला मराठीतच तिचा वाचक वेळेवर भेटण्यासाठी कुणीतरी नाव घेऊन, जबाबदारीने 'ही वाचा' म्हणायला हवं होतं. आंतरजालावरचं शिफारस करणारं यंत्र ते काम करत नाही, कारण कशाला किती बोटं लागली एवढंच ते मोजतं.

म्हणून विदर्भातल्या दिवाळी अंकांच्या संपादकांना आणि शतक ओलांडलेल्या विदर्भ साहित्य संघाला माझी एक उघड विनंती आहे. दरवर्षी दिवाळीला, मोठ्यांसाठीच्या मराठी कथा-कादंबऱ्यांची निवडक यादी काढा. छापील अंकात दोन पानं आणि तीच यादी आंतरजालावर, कायमच्या पत्त्यावर. प्रत्येक नावापुढे निवडणाऱ्याची सही, चार ओळींचं प्रामाणिक टिपण आणि पुस्तक किंवा ध्वनिमुद्रण कुठे मिळेल तो दुवा. नवोदितांसाठी निम्मी जागा राखून ठेवा, टोपणनावं चालतील. पहिल्या वर्षीच्या यादीसाठी माझ्याकडून ही नावं: लग्न आणि शरीर यांचा हिशेब न भिता मांडणारी मेघना पेठे यांची 'नातिचरामि', एचआयव्हीच्या सावलीतली माणसं दाखवणारी कविता महाजन यांची 'भिन्न', आणि 'कोबाल्ट ब्लू'. पुढची नावं वाचकांनी कळवावीत, विदर्भातल्या लेखकांची आधी.